स्टीमवर आपल्या पसंतीचा गेम शोधणं: कामाचं साधन कोणतं, शोभेचं कोणतं

२०२४ या एका वर्षात स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसाला साधारण पन्नास. शंभर डॉलर भरून आणि स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीची जुजबी तपासणी पार करून कोणीही तिथे आपला गेम मांडू शकतो; ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. या ढिगात उत्तम गेम पुष्कळ असतात, कचराही भरपूर असतो, आणि पहिल्या पानावर झळकतात ते बहुतेक वेळा आधीच खपत असलेले. चांगला गेम कोणता, हे आता कोणीही सांगेल. मला आवडेल असा कोणता, ते मात्र शोधावं लागतं.

त्यासाठी स्टीममध्येच सात-आठ साधनं आहेत. बहुतेक जण त्यांना हात न लावता सेलच्या दिवसांत नुसतं खाली सरकवत राहतात. ही साधनं वापरायला घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तुम्ही काय खेळलात आणि किती तास खेळलात, हे स्टीमला कळतं. का खेळलात, ते कळत नाही. या सेवेचे बहुतेक गुणदोष इथूनच निघतात.

सगळ्यात दमदार साधन म्हणजे इंटरॅक्टिव्ह रेकमेंडर, आणि नेमकं तेच आत कुठेतरी दडवून ठेवलेलं आहे. स्टोअरच्या वरच्या पट्टीतल्या मेनूंमध्ये ते सापडतं. मेनूची मांडणी वाल्व्ह अधूनमधून बदलतं, तेव्हा दिसलं नाही तर सरळ नावाने शोधा. जुलै २०१९ मध्ये ते स्टीम लॅब्समध्ये प्रयोग म्हणून आलं आणि मार्च २०२० मध्ये स्टोअरचा भाग झालं. हे यंत्र शिफारस ठरवताना टॅग (गेमला लावलेली प्रकाराची लेबलं) बघत नाही, रिव्ह्यूही बघत नाही. कोट्यवधी खेळाडूंनी कोणते गेम किती खेळले, या नोंदींवर ते शिकवलेलं आहे. गेमबद्दल वेगळी पुरवलेली माहिती म्हणाल तर प्रकाशनाची तारीख, एवढीच. त्यामुळे वरवर काहीच नातं नसलेले दोन गेम ते बेधडक शेजारी आणून ठेवतं, आणि पुष्कळदा ते बरोबर निघतं. शहर वसवण्याचा गेम खेळणाऱ्याला रेल्वेचं जाळं आखण्याचा गेम आवडेल, हे टॅगवरूनही कळलं असतं. पत्त्यांचा एखादा गेमही आवडेल, हे टॅग सांगणार नाहीत.

उघडल्यावर दोन सरकपट्ट्या दिसतात. एक लोकप्रिय ते अपरिचित अशी, दुसरी गेम किती जुने चालतील याची. पहिली पट्टी आहे तशी ठेवली तर यादीत तीच ती नावं येतात: ज्यांच्याबद्दल तुम्ही ऐकलेलं आहे आणि बहुधा जाणूनबुजून घेतलेले नाहीत असे गेम. ती अपरिचिताच्या दिशेने साधारण पाऊण अंतर सरकवा. अगदी टोकाला नेऊ नका. तिथले गेम इतक्या थोड्या लोकांनी खेळलेले असतात की यंत्राचा अंदाज डळमळतो आणि यादी भरकटते. दुसरी पट्टी आधी मागच्या दोन-तीन वर्षांवर ठेवा. त्यातून हाती काही लागलं नाही तर पूर्ण उघडा, कारण २०१२ ते २०१८ या काळातले कितीतरी चांगले गेम आता कुठल्याच पहिल्या पानावर येत नाहीत. खाली टॅग घालायची आणि वगळायची सोय आहे. घालण्यासाठी ती वापरू नका, वगळण्यासाठी वापरा. टॅग घातला की यंत्राचा सगळ्यात मोठा गुण, म्हणजे अनपेक्षित शेजार, तुम्ही स्वतःच पुसून टाकता.

आता याच्या खोडी. हे यंत्र तासांच्या भाषेत बोलतं, आणि तास खोटं बोलतात. रात्रभर चालू ठेवलेला क्लिकर गेम, मित्रांनी ओढून नेलं म्हणून खेळलेला शूटर, हे सगळं तुमच्या खात्यावर 'आवड' म्हणूनच जमा होतं. दोन तासांत संपणारा आणि वर्षभर डोक्यात राहणारा गेम या हिशेबात किरकोळ ठरतो. आपल्याकडे घरातल्या दोन-तीन भावंडांचं मिळून एकच खातं असणं काही नवलाचं नाही. अशा खात्यावर रेकमेंडर म्हणजे तिघांच्या ताटातलं एकत्र कालवलेलं जेवण. यावर स्टीम फॅमिलीज हा खरा उपाय आहे. सप्टेंबर २०२४ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे, एका घरातले सहा जण त्यात येऊ शकतात, प्रत्येकाचं खातं वेगळं आणि तासही वेगळे. मात्र एकदा कोणी बाहेर पडलं की ती जागा वर्षभर अडकते, तेव्हा मित्रमंडळी भरण्याआधी विचार करा.

दुसरी खोड मुळातलीच आहे. जो गेम कोणी खेळलेलाच नाही, त्याबद्दल या यंत्राला काही माहीत असणं शक्य नाही. प्रकाशनानंतर काही दिवसांच्या नोंदी जमल्या की मगच तो यादीत येऊ शकतो. यायचे आहेत त्या गेमसाठी हे साधन निरुपयोगी.

स्टीमला 'नको' म्हणायला शिकणं हे 'हवं' म्हणण्यापेक्षा जास्त फळतं. प्रत्येक गेमच्या पानावर इग्नोरचं बटण असतं, आणि त्याच्या शेजारच्या बाणात दोन पर्याय. एक, रस नाही. दुसरा, हा गेम दुसऱ्या ठिकाणी खेळून झालाय. हा दुसरा पर्याय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्लेस्टेशनवर, फोनवर किंवा दुसऱ्या स्टोअरवर खेळून आवडलेल्या गेमवर तुम्ही साधं इग्नोर दाबलंत, तर आपल्याच आवडीविरुद्ध साक्ष दिल्यासारखं होतं. ते बटण दाबताना बाण उघडायची सवय लावा. खात्याच्या स्टोअर प्रेफरन्सेसमध्ये कायमचे वगळायचे टॅगही नोंदवता येतात. ती जागा मर्यादित आहे, तेव्हा ती सरसकट नावडीवर खर्च करा: अश्लील मजकूर, भीतीदायक गेम, केवळ ऑनलाइन मारामारी, जे काय असेल ते. 'आत्ता मूड नाही' अशा गोष्टी तिथे घालू नका. सहा महिन्यांनी आपण ते विसरतो आणि काही गेम दिसतच का नाहीत याचं कोडं पडतं.

याच कामासाठी डिस्कव्हरी क्यू बरा. एकामागोमाग एक असे दहा-बारा गेम समोर येतात, त्यात नवं, खपणारं आणि थोडं तुमच्या सवयीचं अशी भेळ असते. नवा गेम सापडण्याचं ठिकाण म्हणून तो सुमार आहे, पण पाच मिनिटांत दहा-बारा वेळा हो-नाही सांगून यंत्राला वळण लावायला ठीक. त्याच्या सेटिंगमध्ये अर्ली ॲक्सेस बंद करता येतं. अर्धवट बनलेले गेम विकत घ्यायची हौस नसेल तर ते आधी करून टाका.

टॅगकडे वळू, कारण शोधाची खरी मेहनत तिथे आहे. स्टीमवरचे टॅग खेळाडू आणि निर्माते दोघंही लावतात. ही पद्धत २०१४ मध्ये आली. गेमच्या पानावर चार-पाच टॅग दिसतात, शेजारच्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारली की सगळी यादी उघडते. ती उघडाच, कारण वरचे टॅग बहुधा ढोबळ असतात (इंडी, अ‍ॅडव्हेंचर, सिंगल-प्लेअर, यातून काय कळायचं?) आणि कामाचे खाली असतात.

टॅगांची अडचण अशी की ते गेम कसा दिसतो आणि कुठे घडतो हे छान सांगतात, हाताला काय करायला मिळतं हे अर्धवट सांगतात. रोगलाइक आणि रोगलाइट घ्या. दोन्हीत मेलात की पहिल्यापासून सुरुवात. पण रोगलाइटमध्ये प्रत्येक मरणातून काहीतरी कायमचं पदरात पडतं, पुढच्या वेळी तुम्ही जरा बळकट असता. रोगलाइकमध्ये फक्त तुम्ही शहाणे होता, पात्र तेवढंच दुबळं. एखाद्याला 'हेडीस'सारखा रोगलाइट आवडतो आणि रोगलाइक चिडवतात, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. पण स्टीमवर हे दोन्ही टॅग सर्रास एकाच गेमला लावलेले दिसतात. तेव्हा या दोघांमधला फरक रिव्ह्यूमध्ये शोधावा लागतो. टॅगवर भिस्त ठेवू नका.

पौराणिक विषयाचंही तसंच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. तो तुम्हाला आवडला तो उड्या आणि त्रिशुळाच्या लढाईमुळे, की वाळवंटी महाल, देवतांच्या गोष्टी आणि भिंतीवरच्या चित्रांमुळे? पहिलं असेल तर टॅग तुम्हाला थेट मुक्कामी पोचवतील. दुसरं असेल तर मिथॉलॉजी या टॅगखाली ग्रीक आणि नॉर्स देवांची जत्राच भेटेल आणि भारतीय काही हाती लागणं दुष्कर. अशा वेळी निर्मात्याच्या नावावर टिचकी मारून त्यांना फॉलो करणं आणि इतर भारतीय स्टुडिओंची नावं थेट शोधणं, हाच सरळ मार्ग.

स्टीमचा साधा शोध मात्र नीट वापरला तर फार उपयोगी आहे. शोधाची चौकट रिकामी ठेवून एंटर दाबा, म्हणजे सगळं दुकान समोर येतं, आणि उजवीकडच्या चाळण्या लावत जा. आधी तुमच्याकडे असलेले आणि इग्नोर केलेले गेम लपवा. मग तीन टॅग घाला: एक कृतीचा, एक रचनेचा, एक वातावरणाचा. तीनपेक्षा जास्त घातले तर यादी आटते, दोनवर थांबलात तर हजारो गेम. मग वगळायचे टॅग. टॅगच्या नावाशेजारच्या वजाच्या चिन्हाने ते होतं. उदाहरण घ्यायचं तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' आवडणाऱ्याचं घेऊ. त्याला मिळालेल्या पुराव्यांवरून स्वतः डोकं चालवून निष्कर्ष काढायचा आहे. डिटेक्टिव्ह, इन्व्हेस्टिगेशन, पझल हे तीन टॅग घातले की पहिल्या पानावर 'चित्रात लपलेली छत्री शोधा' छापाचे गेम गर्दी करतात. हिडन ऑब्जेक्ट वगळा. मग नुसत्या वाचायच्या कथा उरतात. व्हिज्युअल नॉव्हेल वगळा. आता क्रम रिव्ह्यूनुसार लावला की 'द केस ऑफ द गोल्डन आयडल' आणि त्याच्या आसपासचे गेम वर येतात. तीन घालणं, दोन वगळणं, एक क्रम. दोन मिनिटांचं काम आहे.

पण हे तीन टॅग ठरवायचे कसे? त्यासाठी स्वतःची चौकशी करावी लागते, आणि ती 'मला शेतीचे गेम आवडतात' इथे संपत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' दोनशे तास खेळलेले तीन जण घ्या. एकाला स्प्रिंकलर, पिकांचा हिशेब आणि दिवसाच्या मिनिटामिनिटाची आखणी यात रस होता; त्याला शेतीचा दुसरा गेम देऊ नका, कारखाने उभारण्याच्या 'फॅक्टोरिओ'चा फुकट डेमो द्या. दुसरीला गावकऱ्यांच्या ओळखी वाढवणं, कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवणं यात आनंद होता, तिच्यासाठी 'स्पिरिटफेअरर'. तिसऱ्याला दिवसभराच्या कामानंतर कोणी घाई न करणारी जागा हवी होती. तो 'डॉर्फरोमँटिक'मध्ये रमेल, जिथे शेत आहे पण शेतकरी नाही. गेमच्या पानावरची 'मोअर लाइक धिस' नावाची पट्टी या तिघांनाही शेतीचे तेच ते गेम दाखवण्याची शक्यता जास्त.

त्या पट्टीबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे की गेम जितका गाजलेला, तितकी तिच्यात नकलांची भर. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' गाजल्यावर त्याच्या मागे जी रांग लागली, ती या पट्टीत उतरतेच. उलट तुमच्या आवडीचा एखादा अल्पपरिचित गेम उघडून तिथून सुरुवात केली तर पट्टी खूपच शहाणी वागते.

क्युरेटर, म्हणजे स्टीमवर गेमबद्दल शिफारशी लिहिणाऱ्या व्यक्ती किंवा गट, हा प्रकार २०१४ पासून आहे. बहुतेक क्युरेटर म्हणजे नुसता शिक्का. एकच वापर सुचवावासा वाटतो: तुमच्या लाडक्या पण फारशा न गाजलेल्या गेमच्या पानावर जाऊन कोणत्या क्युरेटरनी त्याबद्दल लिहिलंय ते बघा, आणि त्यांच्यापैकी 'घेऊ नका' असंही अधूनमधून सांगणारे निवडा. ज्याला सगळंच आवडतं, त्याच्या आवडीचा तुम्हाला काय उपयोग?

रिव्ह्यूच्या शेऱ्यांचा हिशेब माहीत असावा. दहापेक्षा कमी रिव्ह्यू असतील तर शेराच मिळत नाही. 'व्हेरी पॉझिटिव्ह'साठी किमान ५० रिव्ह्यू आणि ८० टक्के अंगठे वर लागतात, 'ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह'साठी ५०० रिव्ह्यू आणि ९५ टक्के, ७० ते ७९ म्हणजे 'मोस्टली पॉझिटिव्ह', ४० ते ६९ म्हणजे 'मिक्स्ड'. हे गुण नव्हेत; 'किती जणांना आवडला' एवढंच हा आकडा सांगतो, 'किती आवडला' ते नाही. शिवाय मत देणारे लोक आधीच निवडून आलेले असतात. ठरावीक चाहत्यांसाठीचा गेम फक्त चाहतेच घेतात, म्हणून त्याला ९६ टक्के सहज पडतात. वेगळं काही करू पाहणारा, सगळ्या प्रकारच्या लोकांनी घेतलेला गेम ७२ वर अडकतो, आणि तो तुमच्यासाठी नेमका असू शकतो, जर लोकांची तक्रार तुम्हाला न बोचणाऱ्या गोष्टीबद्दल असेल तर. 'वेणबा' घ्या. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची, स्वयंपाकातून सांगितलेली ही गोष्ट एका बैठकीत संपते. 'फार लहान आहे' ही तक्रार ज्याला खुपते त्याने घेऊ नये. ज्याला लहान गेमच हवाय, त्याला ती तक्रार म्हणजे शिफारसच.

म्हणून आधी नकारात्मक रिव्ह्यू वाचा, आणि खेळलेल्या तासांची चाळणी लावून वाचा. एक ते तीन तासांवर दिलेला अंगठा खाली म्हणजे बहुतेक वेळा उंबरठ्यावरची अडचण: नियंत्रणं, कंटाळवाणी शिकवणी, गेम चालूच न होणं. शंभर तासांवर दिलेला अंगठा खाली वेगळाच असतो; शेवटचा भाग पोकळ आहे किंवा एखाद्या अपडेटने मूळ मजा बिघडवली, असं तो सांगत असतो. पंधरा-वीस तासांच्या आसपासचे नकार सगळ्यात प्रामाणिक वाटतात. एकूण शेरा चांगला आणि मागच्या तीस दिवसांचा वाईट असेल, तर आलेखातल्या अलीकडच्या दांडीवर टिचकी मारून त्याच दिवसांतले रिव्ह्यू वाचा. कारण पहिल्या पाचांतच कळतं. फुकट मिळालेल्या कीवर (गेम खात्यात घालायच्या कोडवर) लिहिलेले रिव्ह्यू २०१६ पासून टक्केवारीत धरत नाहीत, ही एक बरी गोष्ट.

एवढं करूनही शिताची परीक्षा घेतल्याशिवाय भाताचा भरवसा नाही. नेक्स्ट फेस्ट त्यासाठी असतो, वर्षातून तीनदा: फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. आठवडाभर ढीगभर आगामी गेमचे डेमो फुकट. एका गेमला यात एकदाच भाग घेता येतो आणि बरेच निर्माते आठवडा संपला की डेमो काढून घेतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत पसंतीचे दहा-बारा उतरवून ठेवा. लोकप्रियतेच्या यादीतून निवडू नका. ती यादी ज्यांची जाहिरात आधीच झालीय त्यांची असते. आपले तीन टॅग इथेही लावा. एका डेमोला वीस मिनिटं पुरतात. संपल्यावर स्वतःला एकच विचारा: आत्ता पुन्हा पहिल्यापासून खेळायला सांगितलं तर खेळेन का? 'बालाट्रो'सारखे गेम त्या वीस मिनिटांतच पकडतात. सावध राहायचं ते कथाप्रधान गेमबाबत. तिथे डेमो म्हणजे सुरुवातीचा घासूनपुसून ठेवलेला तास, म्हणजे स्वयंपाक्याने स्वतः निवडून दिलेलं शीत.

दोन उणिवा मात्र ठळक आहेत. तुमच्या लॅपटॉपवर गेम चालेल का, याची चाळणी स्टीममध्ये नाही. स्टीम डेक या वाल्व्हच्या हातात धरायच्या गेमयंत्रासाठीचा 'व्हेरिफाइड' शिक्का थोडाफार उपयोगी पडतो: अक्षरं छोट्या पडद्यावर वाचता येतात आणि १२८० बाय ८०० वर गेम बरा चालतो, एवढी हमी त्यातून मिळते. पण डेकमधली ग्राफिक्स चिप जुन्या ऑफिस लॅपटॉपच्या इंटेल यूएचडीपेक्षा बरीच ताकदवान आहे, तेव्हा तो शिक्का असूनही तुमच्याकडे गेम अडखळू शकतो. दुसरी उणीव वेळेची. एका बैठकीत किती खेळावं लागतं, हे सांगणारा भरवशाचा टॅग नाही. एकूण लांबीसाठी हाऊ लाँग टू बीट हे संकेतस्थळ बघा, आणि किमतीच्या इतिहासासाठी स्टीमडीबी. २०१५ पासून किमती रुपयांत आहेत, पण त्या प्रत्येक निर्माता आपल्या मनाने ठरवतो. काही गेम इथे निम्म्याहून स्वस्त, काही डॉलरच्या तोडीस तोड. 'फॅक्टोरिओ' तर सेलमध्ये कधीच उतरत नाही, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

घेतल्यावरही चूक सुधारता येते. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर रिफंड मिळतो. घड्याळ गेम उघडल्यापासून चालू होतं. मेनूत बसलेला वेळ, सेटिंग लावण्यातला वेळ, वेगळं लाँचर उघडून काही उतरवत बसलेला वेळ, सगळं त्यात धरलं जातं. डेमोचा वेळ मात्र धरला जात नाही. अर्ज करताना पैसे वॉलेटमध्ये हवेत की मूळ मार्गाने, ते निवडता येतं. मूळ मार्गाने परत पाठवणं शक्य नसेल तर ते वॉलेटमध्ये जमा होतात. तेव्हा नवा गेम पहिल्यांदा उघडाल तेव्हा फोनवर दीड तासाचा गजर लावा, आणि तो वाजेपर्यंत मूळ खेळापर्यंत पोचलाच नसाल तर तिथेच थांबून ठरवा.